लाइट गेली तरी घरात उजेड: १२ व्होल्टची वेगळी लाइन स्वतः कशी टाकायची

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यातले खांब, माड, पत्रे सगळं आडवं. गावच्या घरी आई आणि काका दोघंच, मी पुण्यात लॉकडाउनमध्ये अडकलेलो, फोन लागेना. घरात इन्व्हर्टर होता, १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठतं त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी, मीच हौसेने बसवून दिलेला आणि वर फुशारकीही मारलेली की आता लाइट गेली तरी टेन्शन नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच टुं टुं करून बसला. आमच्या वाडीत लाइट आली चोविसाव्या दिवशी. तोवर मेणबत्त्या, एक टॉर्च आणि माळ्यावरून काढलेला कंदील, ज्यात घालायला रॉकेल कुणाकडेच नाही.

नंतर कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं की इन्व्हर्टरची काही चूकच नव्हती. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, तेही कागदावर. उकाडा होता म्हणून दोन पंखे, १५० वॅट. नऊ-नऊ वॅटचे चार बल्ब, ३६. त्यात १२ व्होल्टचे २३० करताना होणारी गळती, म्हणजे आठेक तासांत विषय संपला. आणि खरी डोक्यात जाणारी गोष्ट पुढेच आहे, इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर एकही बल्ब नाही, तरी तो स्वतः १०-१५ वॅट खात बसतो, म्हणजे दिवसाला २४० ते ३६० वॅट-तास. आमच्या अख्ख्या घराला रात्रभर लागणारा उजेड किती? ६० वॅट-तास.

एलईडी मुळात कमी व्होल्टेजच्या डीसीवरच चालतो. म्हणजे आपण बॅटरीतले १२ व्होल्ट चढवून २३० करतो आणि बल्बाच्या आतलं सर्किट ते परत उतरवतं, दोन्हीकडे गळती. त्यापेक्षा बॅटरीपासून थेट बल्बापर्यंत १२ व्होल्टची एक वेगळी लाइन टाकली तर मधला सगळा तमाशाच नको. मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तोपर्यंत आमची लाइन टाकून झालेली होती, तेव्हा सहा दिवस लाइट नव्हती आणि एकही मेणबत्ती पेटली नाही.

आधीच सांगतो, पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहत असाल आणि लाइट महिन्यातून एकदा तासाभरासाठी जात असेल तर हे सगळं करत बसू नका. आत बॅटरी असलेले दोन इन्व्हर्टर बल्ब आणा, एक स्वयंपाकघरात एक पॅसेजमध्ये, आणि राउटरला एक छोटा यूपीएस. झालं. हा उद्योग गावच्या घरासाठी आहे, जिथे डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला तर वायरमन दुसऱ्या दिवशी येतो आणि पावसाळ्यात कधी येईल ते कुणी सांगू नये.

आधी वही घ्या

बॅटरी विकत घ्यायच्या आधी एक संध्याकाळ घरचा मेन स्विच मुद्दाम पाडा आणि टॉर्च घेऊन घरभर हिंडा. कुठे खरंच उजेड लागतो ते तेव्हा कळतं. मी पुण्यात बसून यादी केली होती त्यात हॉलला सगळ्यात मोठा बल्ब धरलेला, आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे बाबा, अंधारात हॉलमध्ये कोण बसतंय? मला चुलीपाशी दिसूदे आणि मागच्या पायरीवर दिसूदे, तिथे फुरसं असतं पावसात."

मग आमची यादी अशी झाली. स्वयंपाकघर ५ वॅट, माजघर ५ वॅट, पुढची पडवी ३ वॅट, मागचं दार आणि न्हाणीघराची वाट ३ वॅट, आणि देवघराशेजारी १ वॅटचा रात्रभर जळणारा. सगळे मिळून १७ वॅट, पण सगळे एकदम कधीच लागत नाहीत. संध्याकाळी पाच तास सरासरी १० वॅट धरले तर ५०, आणि रात्रीचा १ वॅटवाला दहा तास म्हणजे १०. एकूण ६० वॅट-तास. तुमच्या घराचा आकडा वेगळा येईल पण हिशोब हाच, वॅट गुणिले तास, आणि प्रत्येक बल्बापुढे खरे तास लिहा, आशेचे नाही.

चांगला एलईडी वॅटला साधारण १०० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. ३ वॅटचा बल्ब पांढऱ्या भिंतीजवळ लावला की जेवायला, भांडी घासायला पुरतो. अभ्यासाला पुरत नाही, त्यासाठी टेबलावर वेगळा दिवा द्या.

बॅटरी कुठली

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात स्वस्त आणि कुठेही मिळणारी म्हणजे यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची एसएमएफ, म्हणजे पाणी घालावं न लागणारी सीलबंद लेड-ॲसिड. १२ गुणिले ७, ८४ वॅट-तास. पण लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलात तर वर्षभरात खलास होते, म्हणून हिशोबात धरायचे फक्त ४२. म्हणजे माझी एक रात्रसुद्धा निघत नाही. तीन रात्री हव्या असतील, ६० गुणिले ३, म्हणजे १८० वॅट-तास, तर लेड-ॲसिडमध्ये निदान ३० एएच लागेल आणि ती बरीच जड होते.

दुसरा पर्याय लिथियम फॉस्फेट, दुकानात एलएफपी नाहीतर लायफपो म्हणतात. चार सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणजे १२.८ व्होल्ट. ही जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि चार्ज-डिस्चार्ज हजारात झेलते. १८ एएचचा पॅक घेतला तर १२.८ गुणिले १८, २३० वॅट-तास, त्यातले २०० आरामात मिळतात. तीन रात्री झाल्या. आमच्याकडे हाच आहे.

पॅक तयार घ्या, आत बीएमएस (सेल जास्त भरू किंवा उतरू न देणारं सर्किट) बसवलेला. सुटे सेल आणून स्वतः पॅक बांधायची व्हिडिओ बघून खुमखुमी येते, मलाही आली होती, पण सेलवर सोल्डर लावून सेल तापवण्यापेक्षा चार पैसे जास्त द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास असले पॅक मिळतात. घेताना एकच प्रश्न नीट विचारा, फुल चार्ज किती व्होल्टला? १४.६ म्हणाला तर तो एलएफपी. १२.६ म्हणाला तर तो तीन सेलचा साधा लिथियम-आयन, त्याचा चार्जर वेगळा, आणि तो घरात रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवायला मला स्वतःला नको वाटतो.

तिसरा पर्याय, आणि ज्यांच्याकडे आधीच इन्व्हर्टर आहे त्यांच्यासाठी हाच बेस्ट, नवीन बॅटरी घेऊच नका. इन्व्हर्टरच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून फ्यूज लावून वेगळी लाइन काढा. लाइट लांबणार असं दिसलं की पंखे-बिंखे बंद, इन्व्हर्टर बटणावरून बंद, आणि फक्त १२ व्होल्टची लाइन चालू. १५० एएचमधले अर्धे, ९०० वॅट-तास वापरले तरी ६० च्या हिशोबाने पंधरा रात्री. हे मला २०२० च्या आधी कुणी सांगितलं असतं तर!

पण दोन गोष्टी सांभाळायच्या. इन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांचा, म्हणजे २४ व्होल्टचा असेल तर त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट अजिबात काढू नका, ती एक जास्त उतरते, चार्जर दोघींना सारखंच भरतो, आणि हळूहळू एक उपाशी राहते तर दुसरी ओव्हरचार्ज होते. दुसरी गोष्ट, पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. जोडणी करताना इन्व्हर्टर बंद, चार्जिंग बंद, खिडकी उघडी, आणि ठिणगी उडेल असं शेवटचं टोक बॅटरीच्या डोक्यावर जोडायचं नाही, फ्यूज काढून ठेवायचा, सगळं घट्ट केल्यावर मग तो खोचायचा.

फ्यूज आधी, बाकी सगळं नंतर

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक त्याला खेळणं समजतात. शॉक बसत नाही हे खरं, पण बॅटरीची दोन टोकं चुकून टेकली तर त्या क्षणी जो करंट वाहतो त्याने वायर लाल होते आणि वरचं प्लास्टिक पेटतं. आणि आपल्याकडच्या जुन्या घरात वायर जाते कुठून, तर लाकडी वाशांवरून.

म्हणून प्लसच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. गाडीत असतात ते पात्याचे फ्यूज घ्या, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे वायरसकट होल्डर मिळतो. रंगावरून ओळखतात, ५ अँपिअर बदामी, साडेसात चॉकलेटी, १० लाल, १५ निळा. आपला लोड १७ वॅट, म्हणजे दीड अँपिअरसुद्धा नाही, तर ५ चा भरपूर झाला. उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही, का उडाला ते शोधायचं. आमचा एकदा गणपतीत उडाला, सगळी लाइन बघत बघत गेलो तर माळ्यावर उंदराने दोन्ही तारा सोलून एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या. दोन-चार रुपयांचं पातं गेलं, माळ्यावर भाताचा पेंढा होता तो राहिला.

घरच्या बोर्डातला साधा एमसीबी इथे फ्यूजच्या जागी वापरू नका. तो एसीसाठी बनवलेला असतो, डीसीची ठिणगी लवकर विझत नाही. बल्बाला लावायचे छोटे स्विच मात्र चालतात, अर्ध्या अँपिअरने त्यांना काही होत नाही.

वायर

हा भाग कंटाळवाणा वाटतो पण अर्ध्या लोकांची लाइन इथेच मंद जळते. तेवढ्याच वॅटला २३० पेक्षा १२ व्होल्टमध्ये एकोणीसपट करंट वाहतो, म्हणून बारीक वायरमध्ये व्होल्टेज वाटेतच संपतं. मी पहिल्यांदा गोठ्यापर्यंत दारावरच्या बेलची वायर ओढली, पंचवीस मीटर. खळ्यातून बघितलं तर गोठ्यात काजवा बसल्यासारखं दिसत होतं. मीटर लावला, बॅटरीपाशी १२.२ आणि गोठ्यात १०.३.

अंदाज असा ठेवा. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०२ ओहम. जायची आणि यायची अशा दोन तारा, म्हणजे १० मीटर लांबच्या बल्बाला २० मीटर वायर, ०.४ ओहम. १ अँपिअर वाहिला तर ०.४ व्होल्ट गेले, चालतंय. अडीच अँपिअर वाहिले तर १ व्होल्ट गेला, तेव्हा जाड वायर घ्या. आम्ही घराच्या मधोमध १.५ ची मुख्य जोडी टाकली आणि तिच्यावरून प्रत्येक बल्बाला ०.७५ चा फाटा. गोठ्याला नंतर १.५ चीच ओढली.

रंगाचं एक लफडं आहे. डीसीत लाल प्लस, काळी मायनस. पण घरच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. उद्या दुसराच वायरमन आला आणि त्याने आपली लाल-काळी बघून २३० ला जोडली तर? म्हणून लाल-काळी चिकटलेली चपटी जोडवायर घ्या, ती दिसायलाच वेगळी असते, दर दोन मीटरवर "१२ व्होल्ट डीसी" असं लिहून चिकटपट्टी लावा, आणि २३० च्या पाइपमधून ही वायर कधीही नेऊ नका. वेगळी केसिंग पट्टी, शक्यतो वेगळ्या भिंतीवरून. चिऱ्याच्या भिंतीत पट्टीचे स्क्रू नुसत्या प्लास्टिकच्या गिट्टीत नीट धरत नाहीत, भोक जरा खोल घ्या आणि गिट्टी थोड्या सिमेंटच्या लगद्यात बसवा.

सांधे पीळ मारून वर टेप गुंडाळून सोडू नका. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं, उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी, नाहीतर लिव्हरवाले कनेक्टर. बॅटरीच्या टर्मिनलला जोडणी घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन चोपडा.

दिवे

तीन प्रकार मिळतात. एक, एलईडीची पट्टी, पाच मीटरची गुंडाळी, दिसायला मस्त. हिच्यात तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असे तुकडे असतात आणि करंटवर नीट कंट्रोल नसतो. बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टवर जाते तेव्हा पट्टीतून १२ च्या मानाने दीडपटीच्या आसपास करंट जातो आणि ती तापून पिवळी पडते. कपाटात, देव्हाऱ्यात ठीक आहे, रोजच्याला नको. दोन, साइनबोर्डमध्ये असतात ते तीन एलईडीचे प्लास्टिकबंद मॉड्यूल. पाण्याला बरे असतात, स्वस्त असतात, मागच्या दाराला आम्ही तेच लावलेत. तीन, १२ व्होल्टचे डीसी बल्ब, आत ड्रायव्हर (करंट आवरून धरणारं सर्किट) असलेले. खोक्यावर ९ ते १५ व्होल्ट किंवा त्याहून मोठी रेंज लिहिलेली असेल तेच घ्या, म्हणजे बॅटरी भरलेली असो नाहीतर उतरलेली, उजेड एकसारखा राहतो.

आता या बल्बांतली मोठी गोची. ते दिसायला अगदी घरच्या बल्बासारखे असतात, पिनवाली टोपीसुद्धा तीच. आमच्या चुलतभावाने शिमग्याला आल्यावर पडवीतला बल्ब गेला म्हणून माझ्या खोक्यातला एक काढून २३० च्या होल्डरमध्ये बसवला. फट्ट आवाज, धूर, आणि वर मलाच ऐकवतो की दादा, कसले डुप्लिकेट बल्ब आणतोस. तेव्हापासून १२ व्होल्टचे सगळे होल्डर आणि बल्ब आटेवाले. आटेवाला बल्ब पिनेच्या होल्डरमध्ये शिरतच नाही, प्रश्नच मिटला.

रंग पिवळसर घ्या, २७०० ते ३००० केल्विन. पांढऱ्या उजेडावर पावसाळ्यात किडे जास्त येतात, आणि पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं निघतात तेव्हा पांढऱ्या दिव्याखाली ताट घेऊन बसून बघा एकदा. बल्ब डोळ्यांसमोर नको, भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून लावा.

चार्जिंग

१२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावला की १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होते असं बऱ्याच जणांना वाटतं. होत नाही. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून असताना १२.७ दाखवते, मग तिला १२ देऊन काय भरणार? एसएमएफला कायम लावून ठेवायचा चार्जर १३.५ ते १३.८ चा लागतो आणि करंट एएचच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे ७ एएचला ०.७ अँपिअर. एलएफपीला १४.६ चा तिचाच चार्जर, आणि फुल झाली की काढून ठेवायची, महिन्या-दोन महिन्यांनी परत लावायची. तिला सतत चार्जरवर ठेवायची गरज नाही.

सोलर लावायचं असेल तर ४० वॅटचं पॅनेल पुष्कळ. कडक उन्हात चार तास धरले तर १६०, त्यातून गळती वजा जाता सव्वाशेच्या आसपास, म्हणजे दोन रात्री. आषाढात काही दिवस जवळजवळ काहीच मिळत नाही हे गृहीत धरा. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर असतो, त्याला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, काढताना उलटं. कारण कंट्रोलर बॅटरीवरून ठरवतो की सिस्टीम किती व्होल्टची आहे, आणि पॅनेल एकटं मोकळं असताना वीस-बावीस व्होल्ट देतं. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायची सेटिंग असते ती बघून घ्या. आणि पॅनेल दोन खटक्याच्या बोल्टवर बसवा, वादळाचा इशारा आला की काढून घरात आणता आलं पाहिजे. आमचं तौक्तेच्या आदल्या संध्याकाळी काकांनी एकट्याने उतरवलं होतं.

आपोआप लागणारा एक दिवा

सगळे दिवे आपोआप लागावेत असं वाटतं पण ते करू नका, एकच करा, पॅसेजचा. म्हणजे लाइट गेली की ठेचकाळत बटण शोधायला नको, त्या उजेडात बाकीची बटणं दिसतात.

त्याला एक १२ व्होल्टचा छोटा ॲडॉप्टर आणि गाडीतला पाच पायांचा रिले (करंट दिला की आपोआप पलटणारा स्विच) लागतो. रिलेच्या बुडाला आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ वर ॲडॉप्टरच्या दोन तारा. फ्यूजमधून, मुख्य स्विचमधून आलेली बॅटरीची प्लस ३० वर. आणि ८७ए वरून बल्बाला. नुसता ८७ मोकळा सोडायचा, त्यावर टेप लावा. मेन लाइट आहे तोवर रिले ओढलेला राहतो आणि ८७ए तुटलेला असतो, लाइट गेली की रिले सुटतो, टक् असा आवाज येतो आणि दिवा लागतो. गाडीचा रिले ओढून धरायला दीड-दोन वॅट खातो आणि कोमट राहतो, ते नको असेल तर छोटा रिले बसवलेला तयार बोर्ड घ्या, त्यावर स्क्रूपाशीच कॉमन, एनओ (एरवी तुटलेला), एनसी (एरवी जोडलेला) लिहिलेलं असतं, आपल्याला कॉमन आणि एनसी हवेत.

आता मी केलेला गाढवपणा. आधी माझ्याकडे एसएमएफ होती. गणपती आटोपल्यावर आई-काकांना घेऊन पुण्याला निघालो आणि शहाण्यासारखा घरचा मेन स्विच पाडला. रिलेच्या दृष्टीने लाइट गेली! पॅसेजचा दिवा बंद घरात जळत राहिला, बॅटरी संपून खडखडीत झाली आणि तशीच शिमग्यापर्यंत पडून राहिली. आल्यावर मीटर लावला, ३ व्होल्ट. लेड-ॲसिड अशी रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, ती परत उठत नाही, माझी उठली नाही. म्हणून १२ व्होल्टच्या लाइनला वेगळा मुख्य स्विच हवाच, आणि तो घराच्या मेन स्विचच्या शेजारी, म्हणजे एक पाडताना दुसरा दिसतो. एलएफपीत बीएमएस खालच्या व्होल्टेजला तोडतो, पण लेड-ॲसिड असेल तर लो व्होल्टेज कटऑफचं छोटं सर्किट लावा आणि साडेअकराच्या आसपास सेट करा.

चालू करताना

फ्यूज खोचायच्या आधी मल्टीमीटर घ्या. टेस्टर इथे कामाचा नाही, १२ व्होल्टवर तो पेटतच नाही, आणि तो पेटला नाही म्हणून "वायरमध्ये काही नाही" समजू नका. सगळे बल्ब काढून लाल-काळीमध्ये शॉर्ट नाही ना बघा. मग फ्यूज, मग एकेक बल्ब. सगळे लावून सगळ्यात लांबच्या होल्डरपाशी व्होल्टेज मोजा, बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं तर कुठेतरी सांधा ढिला आहे नाहीतर वायर बारीक.

त्यानंतर फुल चार्ज करून एक अख्खी रात्र लाइन खरोखर वापरा आणि सकाळी आकडा लिहा. लेड-ॲसिडमध्ये व्होल्टेजवरून अंदाज येतो, लोड काढून तासाभराने १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. एलएफपीत हा अंदाज लागत नाही, ती बराच वेळ १३.२ च्या आसपासच बसून राहते आणि शेवटी धाडकन खाली येते. म्हणून तिला रात्री मोजायच्या, व्होल्ट नाही. आमच्याकडे डब्यावर खडूने रेघा मारतात, तीन झाल्या की काका पॅनेल पुसायला निघतात.

मोबाइल चार्जिंगला १२ चे ५ व्होल्ट करणारं यूएसबी सॉकेट याच लाइनवर बसतं, पण एक फोन भरायला १५-२० वॅट-तास जातात, म्हणजे दोन फोन रोज भरले तर उजेडाचं अर्ध्याहून जास्त बजेट गेलं. हिशोबात धरा, नाहीतर सॉकेटला वेगळा स्विच देऊन तो घरातल्या पोराटोरांपासून लपवा.

एक विषयाबाहेरचं पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लाइट बरेच दिवस गेली की लोक जनरेटर आणून दोन्हीकडे पिना असलेल्या वायरीने घरच्या सॉकेटमध्ये करंट ढकलतात. मेन पाडायचा राहिला तर तो करंट उलटा डीपीपर्यंत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातो आणि तिथे २३० चे परत हजारो व्होल्ट होतात, आणि खांबावर महावितरणचा माणूस चढलेला असतो, लाइन बंद आहे असं समजून. कृपा करून नका करू. १२ व्होल्टच्या लाइनचा घरच्या वायरिंगशी काही संबंधच नाही, त्यामुळे हा धोका इथे येत नाही.

आमच्या घरी तपासणी मिरगाच्या आधी होते, जूनच्या पहिल्या आठवड्यात. टर्मिनलवरची हिरवी पूड ब्रशने घासायची, व्हॅसलीन नवीन, माळ्यावर उंदराची चाहूल बघायची, स्विच-बोर्डात लाल मुंग्यांनी घर केलंय का बघायचं, मग संध्याकाळी मेन पाडून जेवण होईपर्यंत तसंच बसायचं. बॅटरीच्या डब्याच्या झाकणाला आतून चार बदामी फ्यूज आणि एक छोटी टॉर्च चिकटपट्टीने लावलेली आहे. झाकणावर मी जोडणीचा सुबक नकाशा काढून चिकटवला होता, आईने त्यावर पंचांगाचा कागद लावला आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "पुण्याला जाताना हे पण बंद."